सतरा नंबरला चालेल

रविवारी सकाळी मेहुणा आला तो काखेत नवीकोरी वही घेऊन. दोनशे पानी, शाळेतली मुलं वापरतात तसली, आणि शर्टाच्या खिशाला पेन. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, कानाजवळ पांढरा झालेला, दारात एका पायावर डुगडुगत चपला काढत होता आणि वही खाली पडू नये म्हणून कोपर घट्ट अंगाशी धरून होता. मिस्त्री खिडकीपाशी चहा घेऊन बसला होता. "भावजी, मला बॅटरी शिकवा," मेहुणा बसायच्या आधीच म्हणाला.

"कसली बॅटरी?"

"आपल्या गोल्फच्या गाड्यांची. कुठली निवडायची, कशी सांभाळायची, कधी बदलायची, सगळं. मी आता गाडीवर नाही, ते आहेच. पण उद्या कुणी म्हणालं, जरा गाडी घेऊन जा, तर निदान कळायला हवं. पुन्हा माझ्या हातून तसं व्हायला नको."

आतून बायको म्हणाली, "तुला शिकवून काय फायदा? जिना उतरेपर्यंत विसरशील. गोंधळ्या तो गोंधळ्याच."

लहानपणापासून ती भावाला गोंधळ्याच म्हणत आली होती. पूर्वी त्या हाकेत माया असायची. गेल्या सात महिन्यांत तिच्यात एक खडा आला होता, आणि तो दाताखाली आला की घरातली तिघंही क्षणभर गप्प होत. मेहुणा मात्र हसला. "म्हणून तर वही आणलीय, ताई."

"उद्या जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये ये," मिस्त्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तर सांगता येत नव्हतं. मेहुणा गेल्यावर कप हातात धरून तो तसाच बसून राहिला. ‘तसं’. सात महिन्यांत त्या सकाळीला घरात कुणी नाव दिलं नव्हतं. आज मेहुण्याने सहज दिलं, आणि ते जसं आपल्याच अंगावरचं माप घेऊन शिवलेलं असावं तसं स्वतःला चढवून गेला. माझ्या हातून तसं. मिस्त्रीला वाटलं, उठावं, जिन्यात गाठावं आणि सांगावं. पण पायांनी ऐकलं नाही. पाय कधीच ऐकत नसत. सात महिने त्याने हे अनेकदा करून पाहिलं होतं: मनात उठायचं, मनातच चार पावलं जायचं आणि परत येऊन बसायचं.

क्लबात चोवीस गाड्या होत्या, सगळ्या पेट्रोलवर चालणाऱ्या, आणि एकोणीस वर्षं त्या मिस्त्रीच्या हाताखाली होत्या. नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, गाडी पेट्रोलची, मग बॅटरीचं एवढं काय कौतुक? मिस्त्रीला हा प्रश्न आवडायचा. तो सांगायचा, या गाडीला किल्ली फिरवून सुरू करून ठेवायची भानगड नाही. पाय दाबला की बॅटरी इंजिनाला उठवते, पाय काढला की इंजिन बंद. म्हणजे दिवसातून जितक्या वेळा थांबाल तितक्या वेळा ती बिचारी त्याला खांद्याला धरून उठवणार. एकच बॅटरी, बारा व्होल्टची, सीटखाली अंधारात बसलेली. घरातल्या बाईसारखी, असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. आहे तोवर दिसत नाही. आणि चालवल्यावर ती भरते, हेही खरं, पण चालवली तर. खेळणारे सभासद निदान दोन-चारशे पावलं सलग जातात. माळ्यांची गाडी दहा पावलं जाते, थांबते, पाइप उतरतो, पुन्हा दहा पावलं. तिची बॅटरी उठवत राहते आणि कधीच पोटभर जेवत नाही. माळ्यांची गाडी म्हणजे सतरा नंबर. चांगली बॅटरी कुठल्या गाडीला हवी असं कुणी परीक्षेत विचारलं असतं, तर मिस्त्रीने डोळे मिटून सतरा असं उत्तर लिहिलं असतं.

आणि तरी. त्या सकाळीच्या दोनेक आठवडे आधी दोन बॅटऱ्या एकदम गेल्या होत्या. चार नंबरच्या बॅटरीच्या कवचाला चीर पडली होती, ती सेक्रेटरींची गाडी, क्लबाच्या पायऱ्यांपुढे, पाहुण्यांच्या देखत ती उठेना, आणि सेक्रेटरी खाली उतरून फक्त एवढंच म्हणाले होते, "मिस्त्री, हे काय?" आवाजही चढवला नव्हता. सतराची बॅटरी जुनी झाली होती. तिच्यावर जोर टाकून पाहिला तेव्हा काटा आठावर आला; साडेनऊच्या खाली आला की समजायचं, संपली. कपाटात नवी बॅटरी एकच होती आणि पुढच्या यायला महिना होता. मिस्त्रीला तो क्षण अजून हातांत आठवत होता. कपाटातून बॅटरी उचलली, तिचं वजन मनगटांत उतरलं, आणि शेडच्या दारात तो जरा थांबला. डावीकडे सतरा उभी होती, चिखलाने माखलेली, मागे खताची पोती. उजवीकडे चार. चार नंबर उभी ठेवता आली असती. सेक्रेटरींना महिनाभर चालत जावं लागलं असतं, एवढंच. तो उजवीकडे वळला. विचार करून वळला असता तर आज निदान त्या विचाराशी भांडता आलं असतं. तसा काही विचारच नव्हता. उतारावरून पाणी जातं तसे पाय तिकडे गेले.

मग अपराध्यासारखी त्याने सतराची सेवा केली. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याने धुतली, तारा घासून लख्ख केल्या, वरून ग्रीस लावलं. दिवसभर चार्जरला लावून ठेवली, मग कप्प्यांची झाकणं उघडून शुद्ध पाणी घातलं, पट्टी आवळली. संध्याकाळी मीटर लावला, तर बारा पॉइंट सहा. नव्या बॅटरीचा आकडा. जोर टाकून पाहायचं ते यंत्र तिथेच बाकावर होतं, हाताच्या अंतरावर. त्याने ते उचललं नाही. मेहुणा गाडी न्यायला आला तेव्हा त्याने नेहमीसारखं विचारलं, "ठीक आहे ना, भावजी?" आणि मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सतरा नंबरला चालेल."

त्या मैदानावर सगळ्यांत जुना माणूस म्हणजे काका, मोठे माळी. त्यांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत आता सभासद विसावत. मेहुणा त्यांचा गाडीवाला. काका बोलके, थट्टेखोर, कुणी गवतावरून गाडी जोरात नेली तर लांबून ओरडायचे, "अरे, ती चादर आहे, रस्ता नव्हे!" ‘तसं’ झालं त्याच्या दोन दिवस आधी ते मुद्दाम शेडमध्ये आले होते. दाराला टेकून म्हणाले, "मिस्त्री, तुमची सतरा सकाळी खोकते. तुमचा मेहुणा तिला गोंजारतो, बाबापुता करतो, तेव्हा कुठे उठते."

"थंडी आहे ना, काका. चालेल."

"रोपटं असं कण्हायला लागलं तर मी लगेच मातीत हात घालतो. तुम्ही यंत्रवाले बहिरे." असं म्हणून ते हसले. मिस्त्रीही हसला. ते वळून जाताना त्यांच्या पाठीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता आणि विजारीला गवताची कुसळं चिकटली होती. माणसाच्या बोलण्यातला शेवटचा विनोद आपल्या वाट्याला आला हे तेव्हा कुठे कळतं?

त्या सकाळी अकराच्या सुमारास तळ्यापलीकडे, मैदानाच्या पार टोकाला, काकांच्या हातातून पाइप गळून पडला. मेहुण्याला वाटलं, थट्टा करतायत. मग त्याने त्यांचा चेहरा पाहिला. अर्धा चेहरा खाली ओघळला होता. त्याने त्यांना कवेत घेऊन गाडीत बसवलं, पाय दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्. मग तेही नाही. फोन जवळ नव्हता, खेळणाऱ्यांना त्रास नको म्हणून कामगारांचे फोन फाटकावरच ठेवून घेत. त्याने गाडी ढकलून पाहिली, हाका मारल्या, शेवटी काकांना पाठीवर घेतलं आणि तळ्याला वळसा घालून निघाला. मध्ये दोनदा बसला. रस्त्यापर्यंत पोचायला अर्धा तास गेला. काका वाचले. उजवा हात गेला, पाय फरफटत राहिला, वाचा गेली. तपासून बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि कुणीतरी दुसऱ्या कामाला बोलावलं म्हणून निघून गेले. त्या ‘तर’ला पुढे काही जोडलं नाही त्यांनी. ते काम मिस्त्री सात महिने करत होता.

त्याच दुपारी, कुणी सांगितलं नसताना, त्याने सतराची बॅटरी काढली आणि मोडीच्या ढिगात अगदी तळाशी घातली. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली, म्हणजे सेक्रेटरींच्या खोलीत चौघे उभे राहिले. "बॅटरी तपासली होती?" सेक्रेटरींनी विचारलं. "हो साहेब. दिवसभर चार्ज केली होती. बारा पॉइंट सहा." यात खोटं काहीच नव्हतं. "मग आदल्या दिवशी दिवे चालू राहिले असतील," सेक्रेटरी म्हणाले आणि सगळे मेहुण्याकडे वळले. गोंधळ्याकडे. हे नाव घरातून क्लबात कसं पोचलं होतं कोण जाणे. मेहुण्याने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीला अजून दिसायची ती नजर. तिच्यात संशय नव्हता, ती विचारत होती, बॅटरीची हकीगत ज्याला ठाऊक त्यालाच विचारावं तशी. मिस्त्रीने टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. काचेखाली कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता. "राहिले असतील," मेहुणा म्हणाला. "मला वाटतं बंद केले होते. पण राहिले असतील." त्याला गाडीवरून काढून बूट पुसायच्या खोलीत बसवलं.

तेव्हापासून मेहुणा रोज काम सुटलं की काकांकडे जायचा. त्यांच्या निर्जीव हाताला व्यायाम द्यायचा, दाढी करायचा, बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसवायचा. काकू, म्हणजे काकांची बायको, त्याला रोज दारातच फैलावर घ्यायच्या. तुझ्या विसरभोळेपणाने माझा माणूस बसवला म्हणायच्या, तळपट होवो म्हणायच्या, आणि मग वाट सोडायच्या, कारण काकांना उचलायला दुसरं कुणी नव्हतं. हे सगळं मेहुणाच येऊन सांगायचा, तक्रार म्हणून नाही. "बरोबर आहे त्यांचं," असं म्हणायचा. "आणि ताई, काका पण चिडतात. काकू बोलायला लागल्या की ते घशातून असा आवाज काढतात, गुरगुरल्यासारखा. डावा हात आपटतात. अजून राग आहे त्यांचा." बायको म्हणायची, "असणारच. तू कामच तसं केलंयस." आणि मिस्त्री मान खाली घालून जेवत राहायचा. तो स्वतः एकदाच गेला होता, पहिल्या आठवड्यात, इस्पितळात. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. काकांनी त्याला पाहिलं आणि तोच आवाज काढला, आणि नर्स म्हणाली, पेशंटला त्रास होतोय, तुम्ही बाहेर थांबा. तो आवाज काय म्हणत होता ते त्या खोलीत फक्त दोघांना कळलं होतं. मिस्त्री बाहेर थांबला नाही, घरी आला, आणि पुन्हा गेला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मेहुणा शेडमध्ये आला. हात धुऊन आला होता. उलट्या डब्यावर बसला, गुडघ्यावर वही उघडली आणि पहिल्या पानावर ‘बॅटरी’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मिस्त्रीने ठरवलं होतं, वरवरचं सांगायचं. पाणी, सोडा, ग्रीस, झालं. सुरुवात तशीच केली. "निवडताना आधी गाडीचं पाळणं बघायचं, म्हणजे ती बसते तो खण. बॅटरी त्यात घट्ट बसली पाहिजे. लहान घेतली तर खडखडत राहते, आतल्या पट्ट्या तुटतात. टोकं कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं, नाहीतर तार पोचत नाही आणि माणसं ती ओढूनताणून लावतात. मग बनल्याची तारीख. दुकानात पडून म्हातारी झालेली घ्यायची नाही. आणि उठवायची ताकद किती ते वर लिहिलेलं असतं, ते गाडीला सांगितलंय त्याहून कमी नको." मेहुणा लिहीत होता. त्याचं अक्षर सुरेख होतं, हे मिस्त्रीला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. "तार काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी. पाणी घालायचं ते चार्ज झाल्यावर, पट्ट्या बुडतील एवढंच."

"आधी घातलं तर?"

"चार्ज होताना वर येतं, उतू जातं."

"म्हणजे दुधासारखं," मेहुणा म्हणाला आणि तेही लिहिलं. प्रश्न नेमके विचारत होता. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारत नव्हता. मिस्त्रीला एकदम जाणवलं, हा विसरभोळा नाहीच. काकांच्या गोळ्यांच्या वेळा याला पाठ आहेत, कुठला हात किती वेळा वाकवायचा ते पाठ आहे. कधी लहानपणी दप्तर विसरला असेल, घरात एक नाव पडलं, आणि त्या नावाला आम्ही सगळे पुरावा म्हणून वापरत आलो.

मोडीतली एक बॅटरी त्याने सकाळपासून चार्जरला लावून ठेवली होती. का लावली, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. ती बाकावर आणली, मीटर लावला. बारा पॉइंट सहा. "म्हणजे भरलेली, चांगली," मेहुण्याने लिहिलं. इथे थांबता आलं असतं. सुट्टी संपत आली होती, बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू करत होतं, वहीचं पान भरलं होतं.   आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "खोड ते."

"काय?"

"चांगली, हा शब्द खोड. हे बघ." त्याने ते यंत्र उचललं, चिमटे टोकांना लावले आणि बटण दाबून धरलं. काटा घसरत घसरत सातावर आला. "चार्जरवरून नुकती उतरवली की कुठलीही मेलेली बॅटरी बारा-सहा दाखवते. बसून राहिलेल्या माणसाची ताकद कळत नाही. उठवायचं काम सांगितलं की कळते. दहा-वीस दिवस कशीबशी चालते, आणि मग एका सकाळी टक् करते."

मेहुण्याने ‘चांगली’ खोडलं. मग पेन तसंच धरून तो खोडलेल्या शब्दाकडे बघत राहिला. गवत कापायचं यंत्र सुरू झालं, लांब गेलं.

"भावजी, त्या दिवशी सेक्रेटरींपुढे तुम्ही बारा पॉइंट सहा म्हणाला होतात."

"हो."

"हे लावून पाहिलं होतं? सतराला?"

"चार्ज करायच्या आधी पाहिलं होतं."

"किती?"

"आठ."

सवयीने त्याचा हात लिहायला गेला. आठचा आकडा अर्धा झाला आणि तिथेच थांबला. मिस्त्री बोलत सुटला. एकच बॅटरी होती ती चार नंबरला घातली, काकांनी येऊन सांगितलं होतं, मोडीत तळाशी लपवली, सगळं. सात महिने ज्याचं एक वाक्य बाहेर येत नव्हतं ते भराभर, कुठेही न अडखळता आलं, याचीच त्याला लाज वाटली. मेहुण्याने त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. तो हळूच म्हणाला, "म्हणजे दिवे मी बंद केले होते."

"केले असणार."

"असणार नाही, केलेच होते. माझ्या बोटाला आठवत होतं हो. बटण दाबलेलं बोटाला आठवत होतं. सगळे म्हणाले म्हणून मी माझ्या बोटाला खोटं पाडलं." मग त्याने वर पाहिलं. "का नाही बोललात?"

"आधी भीतीने. आणि मग... तूच मान्य केलंस."

"मी मान्य केलं कारण तुम्ही समोर उभे होतात. म्हटलं, भावजींनी बॅटरी ठीक आहे म्हटलंय, म्हणजे ती ठीक असणार. मग उरलं कोण? मीच."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वही मिटली, पेन खिशाला लावलं, उलटा डबा जिथून घेतला होता तिथे नेऊन ठेवला आणि गेला. त्या संध्याकाळी तो काकांकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बायकोला मिस्त्रीने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकताना हात थांबले नाहीत. उलट घड्या जास्तच चोख होत गेल्या, कडेला कड. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "सात महिने मी त्याला वाट्टेल ते बोलले. याच खोलीत. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात." एवढंच. त्या दिवसापासून तिने भावाला गोंधळ्या म्हणणं सोडलं, आणि नवऱ्याला काहीही म्हणणं सोडलं. ताट वाढून आतल्या खोलीत जायची. सेक्रेटरींना त्याने लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "मिस्त्री, तुमची दोन वर्षं राहिलीत. हे आता उकरून कुणाचं भलं होणार?" कागदात चार नंबरचा उल्लेख होता, त्या ओळीवर त्यांचं बोट मघापासून नकळत टेकलेलं होतं. "साहेब, माझ्या मेहुण्याचं होईल," मिस्त्री म्हणाला आणि तिथून हलला नाही. चार दिवसांनी मेहुण्याला गाडीवर परत घेतल्याचं पत्र निघालं आणि मिस्त्रीकडून शेडच्या किल्ल्या काढून घेतल्या; आता दुसऱ्याच्या हाताखाली, सांगेल ते करायचं. मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त इतके दिवस जे एका जागी दुखत होतं ते अंगभर पसरलं.

शनिवारी दुपारी तो काकांच्या घरी गेला. पहिल्या मजल्यावर, अरुंद जिना, वर कुंड्यांची रांग. कुंड्यांतली पानं धुळीने मळली होती, पण कुणीतरी पाणी घालत होतं. काकूंनी दार उघडलं. "तुम्ही कोण?"

"मी क्लबातला मिस्त्री. गाड्यांचा. तुमच्याकडे रोज येतो ना, त्याच्या बहिणीचा नवरा."

"मग कुठाय तो? सहा दिवस झाले, तोंड दाखवलेलं नाही. ह्यांना खुर्चीत कोण बसवणार? कंटाळला वाटतं पाप फेडून."

"त्याचं पाप नव्हतं ते," मिस्त्री म्हणाला. "माझं होतं." आणि दारातच, चपला पायात असताना, त्याने सांगितलं. आत खाटेवर काका उशीला टेकून बसले होते. सांगताना त्यांच्याकडे बघायचं नाही असं तो स्वतःला बजावत होता, आणि बघत होता. केस पांढरेशुभ्र झाले होते. उजवा हात मांडीवर कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडला होता. ‘काका दोन दिवस आधी शेडमध्ये आले होते, सतरा खोकते म्हणाले होते,’ असं मिस्त्रीने म्हटलं आणि काकांनी डावा हात खाटेवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. घशातून तो आवाज आला.

काकू गर्रकन वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. मग जोरात हलवली, हलवतच राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी त्या ओघळलेल्या बाजूने ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलं. काकू खाटेच्या कडेला बसल्या. "मी त्याला रोज तळतळाट दिले. तुम्ही हात आपटायचात, मला वाटायचं तुम्ही माझ्या बाजूने आहात." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मी अजून जोरात बोलायची हो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

 मिस्त्री खाली वाकून म्हणाला, "मी बसवतो त्यांना खुर्चीत. सांगा कसं धरायचं." त्याने हात पुढे केला तसा काकांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला. झटकला नाही, रागाने ढकलला नाही. वाटेतली फांदी बाजूला करावी तसा, शांतपणे. मिस्त्री सरळ उभा राहिला.

"आधी त्याला घेऊन या," काकू म्हणाल्या. "मला त्याच्याशी बोलायचंय. तुमच्याशी काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही."

मेहुण्याची खोली तिथून दहा मिनिटांवर होती. दहा मिनिटांत मिस्त्रीने तीनदा वाक्यं जुळवली आणि मोडली. मेहुण्याने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाला नाही. "काकूंनी बोलावलंय तुला," मिस्त्री म्हणाला. "त्यांना सांगितलं मी. काकांना आधीपासून माहीत होतं. ते तुझ्यावर चिडत नव्हते कधीच. ते काकूंना थांबवत होते."

 मेहुणा आत गेला, शर्ट बदलून आला, कुलूप लावलं. वाटेत मेहुणा पुढे, मिस्त्री दोन पावलं मागे. फुटपाथवर गर्दी होती, कुणी मध्ये आलं की मेहुणा थांबायचा, पण वळून बघायचा नाही. एका वळणावर मिस्त्री मागे पडला तेव्हा तो जरा हळू झाला, की मिस्त्रीला तसं वाटलं. जिन्यापाशी आल्यावर मेहुणा तसाच वर चढत गेला. दार उघडल्याचा आवाज आला. काकूंचा आवाज आला, शब्द नाहीत, नुसता आवाज, आधी चढा आणि मग फुटलेला. मग मेहुण्याचं काहीतरी, आणि मग काका. तोच घशातला आवाज, पण लांबत गेलेला, वर-खाली होणारा, आणि मिस्त्रीला क्षणभर उमगेना की हे रडणं आहे की हसणं. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मिस्त्री खालच्या पायरीवर बसला. वर जावं असं त्याला वाटलं नाही, घरी जावं असंही वाटलं नाही. पायरी गार होती. रस्त्यावरून एक बाई पिशव्या घेऊन आल्या, जिन्याच्या तोंडाशी थबकल्या. त्याने अंग चोरून वाट दिली. दोन पायऱ्या चढून त्या वळल्या. "कुणाकडे आलात?"

"पहिल्या मजल्यावर. माळीकाकांकडे."

"मग इथे का बसलात? आहेत की ते घरी."

"हो, आहेत," मिस्त्री म्हणाला. "मला अजून बोलावलं नाही."